माक्याचं तेल आणि विमलताईचा ससा

सध्या आमच्या अमरावतीच्या घरात तेलाची बाटली कुलपात असते. सोनं साध्या कपाटात आहे, तेल कुलपात. किल्ली माझ्या नातीच्या, सईच्या, स्कूटीच्या किल्लीला अडकवलेली असते आणि ती क्लासला गेली की माझं तेलही क्लासला जातं. कारण तिचा चिंचिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, अंग सशाचं, शेपटी खारीची, कान उंदराचे आणि तोरा मोठ्या घरच्या जावयाचा. मूळचा कुठल्याशा बर्फाळ डोंगरातला, आणि येऊन पडला वऱ्हाडात. त्याच्या अंगाला बुरशी झाली, डॉक्टरांनी औषधं दिली, सुया टोचल्या, त्यात पाठीवरची लव झडून चट्टे पडले. आता तो बरा होऊन घरी आलाय आणि एसीच्या खोलीत आराम करतोय. त्याला पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही, मऊ ब्रश हलकेच फिरवायचा आणि रोज एका भांड्यात बारीक रेती ओतून द्यायची. त्यात तो लोळला की त्याची अंघोळ झाली. आमच्याकडे पोरं धुळीत लोळली की त्यांना अंघोळ घालत. याला धूळ हीच अंघोळ.

"आजी, तू फक्त बघायचं. हात लावायचा नाही," सईने मला बजावलं.

"मी काय त्याले खाऊन राहिली काय वं?"

"तुझं आणि सशाचं काय झालं होतं ते मला बाबांनी सांगितलंय."

आता आली का पंचाईत! तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या लेकाने, सांगितलंय म्हणजे अर्धं गाळून, अर्धं स्वतःच्या पदरचं घालून. तेव्हा माझी फजिती मीच सांगितलेली बरी. निदान फोडणी तरी माझ्या हातची राहील.

तेव्हा आम्ही अकोल्याला राहायचो. शेत पातूरच्या बाजूला, पण आम्हा बहिणींच्या शाळेसाठी माझ्या बाबांनी अकोल्यात घर केलं होतं. ते स्वतः बहुतेक शेतावरच असत आणि यायचे तेव्हा त्यांच्याबरोबर वांगी, घोळची भाजी, तुरीच्या ओल्या शेंगा आणि धोतराला चिकटलेली गवताची कुसळं असं सगळं एकदमच घरात यायचं. घरात माय, थोरली विमलताई आणि मी. घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. अंगणातल्या हापशाचा गळा बसल्यासारखा आवाज, मायच्या पाट्यावर ठेचा रगडला जायचा तेव्हाचा खरखर आवाज, आणि शेजारच्या रेडिओवर बाजारभाव लागले की बाबांचं "गप बसा बे सगळे" हे ओरडणं. पोरांना म्हणायचं हे 'बे' ते आम्हा मुलींनाच म्हणायचे, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

आणि घरात तेल होतं. माय दर वर्षी माका, जास्वंद आणि आवळा घालून तिळाचं तेल कढवायची. ते चुलीवर रटरटायला लागलं की गल्लीच्या तोंडाशी वास जायचा. माझ्या दोन वेण्या त्या तेलाच्या जोरावर गुडघ्यापर्यंत आल्या होत्या आणि त्या वेण्यांच्या जोरावर माझं डोकं आभाळापर्यंत गेलं होतं. सातवीपासून मला असं वाटत आलं होतं की जगातल्या कुठल्याही गोष्टीला हे तेल लावलं की ती सुधारते. मी ते करकरणाऱ्या दाराला लावलं, सायकलच्या साखळीला लावलं, आणि एकदा आमच्या घरच्या रेडिओची खरखर जावी म्हणून त्याच्या जाळीतून आत सोडलं. रेडिओची खरखर खरंच कायमची गेली. गाणीही गेली. पण त्यातून काही शिकेल ती शकू कसली!

विमलताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्या हिवाळ्यात झालं. मुलगा अमरावतीचा, नाव प्रभाकर, पण नोकरी पार हिमालयाकडे, लोकरीच्या एका सरकारी केंद्रात. दुसरे जावई साडी आणतात, अत्तर आणतात. या माणसाने वेताच्या टोपलीतून, दोन रेल्वेगाड्या बदलून, विमलताईसाठी ससा आणला. लांब केसांचा, पांढराशुभ्र. त्याला पुढून पाहावं की मागून हे कळायला क्षणभर वेळ लागायचा, इतके केस. बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "एवढा कापूस एका बोंडातून निघाला तं आपन राजे होऊन जाऊ." त्या दिवसापासून त्याचं नाव बोंड्या पडलं.

विमलताई रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन फणीने विंचरायची. बोलायची काही नाही, पण विंचरताना तिचा चेहरा असा व्हायचा की मी मुद्दाम "प्रभाकरराव, इकडे मान करा" असं म्हणून पळून जायची. ती फणी फेकून मारायची. बोंड्या तेवढ्यात तिची चप्पल कुरतडून ठेवायचा. एकूण घर सुखात होतं.

होळी झाली आणि अकोल्याचं ऊन तापायला लागलं. ज्यांनी अकोल्याचा उन्हाळा काढला नाही त्यांना मी काय सांगू? दुपारी अंगणातल्या तारेवर धुणं घालत घालत शेवटच्या कपड्यापर्यंत जावं तर पहिला वाळलेला असतो. त्यात हा थंड डोंगरातला जीव. बोंड्याने खाणं कमी केलं, मग अंग खाजवायला लागला आणि खाजवता खाजवता केसांच्या गुठळ्या झाल्या, खाली कातडीला खपल्या धरल्या. विमलताईची फणी कातडीत अडकायला लागली. तिने एक दिवस फणी खाली ठेवली आणि रडायलाच बसली.

बाबांनी त्याला उचलून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. मागोमाग मी. तिथे एका बाजूला खांदा सुजलेला बैल, दुसऱ्या बाजूला अडलेली म्हैस, आणि मधल्या बाकावर मांडीवर टोपली घेऊन आम्ही. डॉक्टर पुण्याकडचे होते. टोपलीत डोकावून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"ससा हाय, डाक्टर. जवायानं देल्ला," बाबा म्हणाले.

"मारायला दिलाय की पाळायला? अकोल्यात?"

बाबांनी टोपली पुढे सरकवली. डॉक्टरांनी कात्री घेतली आणि बोंड्याचे सगळे केस कापून काढले. एक सुई टोचली, ती म्हशीचीच असावी असं मला वाटलं. वर गंधकाचं मलम चोपडलं. बोंड्या टेबलावर उभा राहिला तेव्हा तो एवढासा उरला होता, लांब कानांचा आणि पिवळा. डॉक्टरांनी बाबांना सावकाश समजावलं. कोरडा ठेवा, सावलीत ठेवा, पाणी-तेल काही लावू नका, नवे केस दिसले की बोटांनी हलके मोकळे करा, बाकी काही करू नका. केस यायचे तेव्हा येतील.

हे सगळं मी कान देऊन ऐकलं. इतकं लक्ष देऊन ऐकलं की घरी पोचेपर्यंत मला खात्री पटली, या माणसाला केसांतलं काही कळत नाही. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर तुळतुळीत टक्कल होतं. अशा माणसाने तेल लावू नका म्हणावं आणि आपण ऐकावं? मायही माझ्याच बाजूची निघाली. "तेल नाई, पानी नाई, मंग केस काय वाऱ्यावर येतीन काय?" ती म्हणाली. ती बोलून विसरली. मी ते पक्कं धरलं.

विमलताई मायबरोबर बाजारात गेली तेव्हा मी बोंड्याला न्हाणीघरात नेलं. आधी माक्याचं तेल कोमट करून त्याच्या अंगाला जिरवलं. मग शिकेकाईने न्हाऊ घातलं. मग आमच्या घरी बाळंतिणीचे केस वाळवायची जी पद्धत होती, तीच केली. निखाऱ्यावर ऊद टाकला, त्यावर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर बोंड्याला बसवून वरून फडकं धरलं. बाळंतीण बाई अशी टोपलीवर केस पसरून पडली की झोपी जाते, हे मी पाहिलेलं होतं. बोंड्या काही बाळंतीण नव्हता. तो टोपलीवरून जो उडाला तो धुण्याच्या दगडावर, तिथून पाणी तापवायच्या बंबामागे. तिथली राख त्याच्या तेलकट अंगाला बसली. विमलताई परत आली तेव्हा बंबामागून वांग्याच्या भरतासारखं काहीतरी बाहेर आलं आणि शिंकलं.

"शकू!" ती किंचाळली. "काय केलं वं याचं, बह्याडे?"

"केस येतीन पाह्य आता भराभर," मी म्हणाले. अजूनही मला माझ्या त्या आवाजातला आत्मविश्वास आठवला की हसू येतं. असा आत्मविश्वास पुढे मला कधीच जमला नाही.

केस आले नाहीत. बोंड्याने अंगावरचं तेल चाटलं आणि त्याचं पोट बिघडलं. पुन्हा टोपली, पुन्हा तो बाक. डॉक्टरांनी या वेळी बाबांशी बोलायचं सोडून थेट माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाकरीबरोबर खाणार होतीस का?" खांदा सुजलेल्या बैलाचा मालकसुद्धा हसला. बोंड्याला औषध मिळालं, चार घास खायलाही लागला, पण त्याच्या पाठीवर नुसती पांढरी लव होती, धुळीवर पडलेल्या दहिवरासारखी.

नेमका तेव्हाच अमरावतीहून निरोप आला. विहीणबाई लग्नाच्या साड्या दाखवायला येणार होत्या आणि त्यांनी खास सांगून पाठवलं होतं, पोराने दिलेला ससा पाहायचा आहे.

विमलताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने साक्षगंधात सासूबाईंना पाहिलं होतं. उंच, धिप्पाड बाई, डोक्यावर पदर, पदराखाली नारळाएवढा अंबाडा, आणि सगळ्या सोयऱ्यांत दरारा. "जिले एक ससा सांभाळता आला नाई, थे माह्या पोराले काय सांभाळीन, असंच म्हनतीन त्या," विमलताई म्हणाली. ती मोडून पडल्यासारखी बसली होती. तिला प्रभाकर मनापासून आवडला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिची फणी सगळ्यांना सांगत होती. आणि तो ससा टकला केला होता डॉक्टरांनी, पण त्याची पुढची दुर्दशा माझी होती. तेव्हा विमलताईचं लग्न वाचवायचं काम आपलंच, असं मी ठरवून टाकलं. मला कुणी सांगितलेलं नसताना कामं अंगावर घ्यायची सवय तेव्हापासूनची.

पाहुणे यायच्या दिवशी घरात पहाटेपासून आमरसाचा आणि सरगुंड्यांचा घाट होता. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाळवायची, मग उकडून रसाबरोबर खायची. माय आणि विमलताई त्यात गुंतल्या होत्या आणि आतल्या खोलीत गाद्यांसाठी ठेवलेला, सरकी काढलेला घरचा कापूस होता. वाटीत मी बाभळीचा डिंक भिजवलेला होता. पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. मला दिसत नव्हतं.

आम्ही कापसातच वाढलेलो. कापूस कसा पिंजावा, कसा पसरावा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बोंड्याच्या पाठीवर डिंकाचा हात फिरवला आणि त्यावर पिंजलेल्या कापसाचे थर असे बसवले की बोंड्या पहिल्यापेक्षा देखणा दिसायला लागला. शेपटीला तर मी जरा जास्तच लावला, तिथे माझी कला उतू गेली. विमलताईला मी ओट्यावरून बोलावलं. तिने पाहिलं, तोंडावर हात घेतला. ती मला मारणार की मिठी मारणार हे तिचं ठरेपर्यंत दारात टांगा थांबला.

विहीणबाई आल्या. त्यांचा धाकटा मुलगा साड्यांचं गाठोडं घेऊन मागे उभा राहिला. बाबांनी पंखा त्यांच्याकडे वळवला, मायने गुळपाणी दिलं. साड्या उलगडल्या, "भल्ल्या चांगल्या हाये" असं सगळे म्हणाले. मग विहीणबाई म्हणाल्या, "ससा कुठीसा हाय वं, पोट्टे?"

ससा रांजणाला टेकून बसला होता. उन्हाळ्यात तोच त्याला सापडलेला हिमालय. रांजण बाहेरून पाझरायचा, आणि त्या ओलीने माझा वाळलेला डिंक सगळा पुन्हा ओला झाला होता, हे मला ठाऊक नव्हतं. विमलताईने त्याला दोन्ही हातांनी उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं. 

"वा रे माह्या राजा," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाताबरोबर पाठ आली. त्या हाताकडे पाहतात, कापूस पाहतात, हात झटकतात, तो सुटत नाही. बोंड्या आधीच घाबरला होता, वरून कापसाने गुदमरला होता. तो उडी मारून त्यांच्या खांद्यावर चढला, खांद्यावरून पदराखाली शिरला आणि पलीकडून बाहेर पडून अंगणात धावला. तो धावला तेव्हा त्याच्या चिकट अंगाला मागे एक हातभर लांब काळी वेणी होती.

ते गंगावन होतं. आजच्या मुलींना सांगायला हवं, केस विरळ झाले की बायका वरून केसांचा जो जुडगा जोडायच्या, ते गंगावन. तो नारळाएवढा अंबाडा सगळा त्याचाच होता. ससा पुढे, अंबाडा मागे, अशी ती वरात तुळशीला वळसा घालून सरगुंड्यांच्या काड्यांवरून गेली आणि पुन्हा रांजणाशी येऊन थांबली. विहीणबाईंच्या डोक्यावर करंगळीएवढी शेंडी उरली होती. बाबा आढ्याकडे पाहायला लागले. मायच्या हातातला रसाचा वाडगा हातातच राहिला. धाकटा मुलगा साडीची घडी घालायला लागला, तीही उलटी. विमलताईने डोळे मिटून घेतले. हे लग्न मोडलं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलेलं होतं. शेजारचा रेडिओसुद्धा नेमका बंद होता.

विहीणबाई उठल्या. सावकाश रांजणाशी गेल्या, खाली बसल्या आणि बोंड्याला उचलून पाहिलं. तो तोंड उघडून धापा टाकत होता. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "गंगावन राहू द्या तठीच," त्या म्हणाल्या. "याले पयले मोकळा करा. जीव जाईन त्याचा. पोट्टे, इकडे ये, धर. वढू नोको. बोटानं, बोटानं."

विमलताई धावली. दोघी रांजणाच्या ओलीत मांडी घालून बसल्या आणि एकेक पुंजका बोटांनी अलगद सोडवू लागल्या. मी भिंतीला चिकटून उभी होते, जणू मलाही डिंक लावला होता. कापूस निघत गेला आणि खालून तो लवेचा, हडकुळा ससा वर आला. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. मग विहीणबाईंनी मान वर केली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"पायलं ना सगळ्याईनं माहं डोक्स? मंग आता तोंडं मिटा. माशा जातीन."

पहिला हसला तो त्यांचा धाकटा मुलगा. मग माय. मग विहीणबाई स्वतःच अशा हसायला लागल्या की त्यांच्या मांडीवर बोंड्या हलायला लागला. "मुदतीचा ताप आला होता मले, याच्या जन्माच्या वर्षी," धाकट्याकडे हात करून त्या म्हणाल्या. "केस गेले ते गेलेच. जो येईन तो सांगे, हे लाव, ते लाव. कांद्याचा रस लावला, सासूनं तं शेन लावलं. दुखनं बरं झालं, पन त्या उपायानं मी मरून जात होती. साक्षगंधात दिवसभर पदर धरून मान आखडली माही." मग त्यांनी विमलताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तू काहून रडून राहिली वं?"

विमलताईने खरूज, दवाखाना, सगळं कसंबसं सांगितलं. ससा सांभाळता आला नाही म्हणून.

"याले खरूज झाली, तुमी दवाखान्यात नेलं, जगवलं. आनखीन कसा सांभाळतेत? दुखन्यातून उठलेल्याले कुनी टकला म्हनून सोडून देते काय?" त्या म्हणाल्या. "हे कापसाचं डोकं कोनाचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी, अगदी बाबांनीसुद्धा. विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या दोन्ही वेण्या हातात घेऊन खऱ्या आहेत का ते ओढून पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे पोट्टी एक तं घर बुडवीन, नाई तं बसवीन."

लग्न झालं. बोंड्या वेताच्या टोपलीतून विमलताईबरोबर थंड डोंगरात परत गेला आणि तिथे, कुणी काही न लावता, त्याचे केस असे आले की त्याला पुन्हा पुढचं-मागचं राहिलं नाही. आणि काही वर्षांनी, साडीची उलटी घडी घालणाऱ्या त्या मुलाशी माझं लग्न झालं. त्याच बाईंची मी धाकटी सून होऊन अमरावतीला आले. त्या माझ्यावर कधीच फारशा रागावल्या नाहीत. माझं काही बिघडलं की "कापूस लावू नोको, सांग" एवढंच म्हणायच्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचे उरलेले चार केस विंचरायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. "शकूचा हात हलका झाला आता," त्या म्हणायच्या. "सशानं शिकवलं."

ते गंगावन मात्र त्यांनी मला दिलं. बोंड्याने अंगणभर फिरवलेलं तेच. माझ्या ट्रंकेत मलमलीच्या फडक्यात आहे. काळ्याचं पिंगट झालंय आणि नाकाशी धरलं तर अजून डिंकाचा वास येतो, किंवा मला येतो असं वाटतं.

काल दुपारी सई क्लासला गेली होती. एसीच्या खोलीत चिंचिला रेतीत लोळून, अंग झटकून, माझ्यापुढे येऊन बसला. त्याच्या पाठीवरच्या मोठ्या चट्ट्यावर आता करडी लव फुटते आहे. मी त्याला हात लावला नाही. शपथेवर सांगते, लावला नाही. मी फक्त गंगावन आणून त्याच्या पाठीशी धरलं, रंग जुळतो का ते पाहायला. तेवढ्यात दार उघडलं.

"आजी!"

"पाहून राहिली होती वं नुसती," मी म्हणाले आणि गंगावन पदराखाली लपवलं.

आज सकाळपासून माझी ट्रंकही कुलपात आहे.